फरीदाभाभींचा चॉकलेटी पट्टा

फरीदाभाभी आमच्या खाली, तळमजल्यावर राहायच्या. सांगलीजवळच्या माधवनगरातल्या आमच्या इमारतीत त्यांचं घर सगळ्यात लहान. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे दोन दोऱ्या बांधता येतील एवढी जागा. त्यांचे यजमान निजामभाई इथल्या कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी टेम्पो चालवला आणि टेम्पोच्या जिवावर हे घर घेतलं. भाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

सकाळी मी देवापुढे पोथी घेऊन बसले की खालून भाभींच्या पठणाचा आवाज यायचा. दोघींचं साधारण एकाच वेळी आटपायचं. मग जिन्यातून हाक यायची, "वैनी, जेवले का तुमचे देव? मग चहाला या." वीस वर्षं हा क्रम. कधी मी रागावलेली असले तर पोथी लांबवायचे, ते त्यांना बरोबर कळायचं. मग चहाच वर यायचा.

त्यांची एकुलती लेक अर्फा साताऱ्याला, गोडोलीत दिलेली. ती दवाखान्यात नर्स आहे. जावई वसीम ट्रकवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावरच. नात झोया पहिलीत. अर्फाची दुपारपाळी असली की झोया शाळेतून येऊन शेजारणीकडे बसायची. एकदा ती शेजारीण अचानक गावाला गेली, आणि पोरगी कुलपासमोर दप्तर उशाला घेऊन झोपून गेली. हे कळल्यापासून भाभींचं इथं चित्त लागेना.

"मग जा की लेकीकडे," मी म्हटलं. "वसीम तर कधीपासून बोलावतोय."

"जाणार आहे. पण त्यांच्या घरात नाही." भाभी तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "आईच लेकीच्या घरात जाऊन बसली, तर लेकीनं रुसून जायचं कुठं, वैनी?"

अर्फाच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक खोली विकायला होती. मालक भला माणूस. दिवाळीपर्यंत वाट बघतो म्हणाला. तोवर इथलं घर विकलं गेलं तर भाभींना तिथं स्वतःचं दार मिळणार होतं. नाहीतर दुसरं कुणीतरी ती खोली घेणार, आणि झोया पुन्हा लोकांच्या दारात.

गिऱ्हाईकांना घर दाखवायचं काम धैर्यशील नावाच्या एजंटाकडे दिलं. हा पलूसकडचा, घरी ऊस आहे, पण उसात पाय ठेवायचा कंटाळा. मोटारसायकलवरून उतरायच्या आधी त्याचा फोन सुरू आणि बसल्यावरही सुरूच. पण मनानं वाईट नाही. भाभींना तो काकी म्हणायचा आणि त्यांच्या हातची शेवयांची खीर मागून खायचा.

त्यानं खोलीभर नजर फिरवली. "काकी, घर उठून दिसाया पायजे. गिऱ्हाईक आत आलं की पयल्या झटक्यात गार पडलं पायजे. ह्या भिंतीचं काय तरी करा."

ती भिंत बसायच्या जागेमागची. भाई रोज संध्याकाळी तिथं खाली बसून डोकं टेकायचे. त्यांच्या डोक्याला तेल फार. भिंतीवर तेलाचा एक गोल डाग पडला होता, आणि त्याच्याखाली पाठीनं घासून रंग काळपट झाला होता.

"आन गिऱ्हाईक यायच्या दिवशी सुकट, बोंबील काय नको. फिनेलनं पुसून घ्या समदं." मग तो जरा घुटमळला. "आन ती वरची फ्रेम तेवढी काढून ठिवा. मला काय न्हाई, मी तुमच्यात जेवतोय. पण गिऱ्हाईक कसलं येतंय, सांगता येत न्हाई."

फ्रेममध्ये सोनेरी अक्षरांतली कुराणातली आयत होती. भाईंनी घर घेतलं त्या दिवशी लावलेली. दिवेलागणीला भाभींनी ती उतरवली, ओढणीत गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. मला ते बरं वाटलं नाही. कुणाच्याही घरातून देवाचं नाव असं खाली उतरू नये. मी म्हटलं, "भाभी, राहू द्या ना."

"वैनी, झोया कुलपासमोर झोपली होती," त्या म्हणाल्या.

सगळं घर रंगवणं झेपणारं नव्हतं. म्हणून चारही भिंतींना कमरेइतका ऑइलपेंटचा पट्टा मारायचा ठरला. रंग भाभींनीच निवडला, चॉकलेटी. डाग दिसत नाहीत म्हणून. मी पदर खोचून मदतीला गेले. दोन दिवसांत पट्टा झाला, वर जुना पिवळा रंग तसाच. आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होतो. छान दिसतंय असंच वाटलं आम्हाला. भाभी म्हणाल्या, "तुमचे भाई असते तर म्हणाले असते, दवाखाना केलास."

मग माणसं येऊ लागली. सांगलीतून एक शिक्षक नवराबायको आले. दारातून आत आले, खोलीच्या मधोमध थांबले, भिंतीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. "कळवतो," म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात एक बँकेतली मुलगी तिच्या आईला घेऊन आली. आईनं दारातच नाकाला पदर लावला. भाभींनी केलेलं सरबत तसंच राहिलं. तिसरे आले ते भिंतीवर बोटानं टिचक्या मारून गेले. सगळे सांगलीचे, सगळे कळवणार होते, आणि एकानंही कळवलं नाही.

"दक्षिणेचं दार हाय, त्येच्यामुळं," धैर्यशील म्हणाला. "न्हाईतर घराला नाव ठिवाय जागा न्हाई."

भाभी दर वेळी आणखी फिनेल टाकायच्या. फरशी अशी चकचकायची की पाय ठेवायला संकोच वाटावा. मी रोज दत्तापुढे दिवा लावताना त्यांचं घर त्याच्या कानावर घालत होते. दसरा जवळ आला तसा साताऱ्याहून अर्फाचा फोन आला, त्या खोलीचं दुसरं कुणीतरी विचारायला येऊन गेलं म्हणून. त्या दिवशी भाभींनी चहाला हाक मारली नाही. मी आपली पोथी मिटून जिन्याकडे कान लावून बसले.

दसऱ्याच्या आधीच सुलाबाई आल्या. सांगलीवाडीच्या, साठीच्या पुढच्या, नवरा फौजेत होता. एकोणीसच्या पुरात घर बुडालं, एकवीसच्या पुरात परत बुडालं. आता पोरांना सांगितलं होतं, मी नदीपासून लांब कुठंतरी एक खोली घेते, तुम्ही राहा पाण्यात. धैर्यशीलच्या मोटारसायकलवर मागं बसून आल्या. उतरल्यावर त्याला म्हणाल्या, "परतीला मी बसनं जाईन. तू गाडी मारतोस का फेकतोस?"

आत आल्या, पण बसल्या नाहीत. खाली वाकून पट्ट्यावर हात फिरवला. वास घेतला. मग सरळ भाभींना विचारलं, "पानी कुटवर आलं हुतं?"

"पाणी? कसलं?"

"पुराचं, आनि कसलं. हितवर आलं हुतं न्हवं?" त्यांनी पट्ट्याच्या वरच्या कडेवर हात ठेवला. "खुणंवर रंग मारलाय, त्योबी गाळाच्या रंगाचा. आन घरात फिनेल वततंय. आमच्यात पानी उतरल्यावर सा म्हयनं हाच वास हुता. मला काय नवं हाय व्हय?"

भाभी तिथंच फरशीवर बसल्या. माझ्या डोळ्यांसमोर ते शिक्षक नवराबायको आले, मधोमध थांबलेले. आणि नाकाला पदर लावणारी ती आई.

"आवं, आमच्या इमारतीला थेंब लागला नाही," मी म्हटलं. "उलट एकोणीसला सांगलीची दोन कुटुंबं याच खोलीत राहिली होती. भाभी स्वतः माझ्याकडे झोपायला होत्या आणि—"

"वैनी, ते नको," भाभींनी मला थांबवलं. त्यांना ते बोललेलं आवडलं नाही. केलेलं सांगत फिरणं त्यांना कधीच आवडलं नाही.

सुलाबाई म्हणाल्या, "समदेच म्हनत्यात थेंब न्हाई म्हनून. मी सोता बगते." त्या गुडघ्यावर बसल्या. आधी प्लगचा बोर्ड बघितला. तो जुनाच, फरशीपासून वीतभर वर. "आमच्याकडं समद्यांनी बोर्ड वर घेतल्यात, डोक्याइतकं. ह्यो हितंच हाय." मग भिंतीतलं कपाट उघडलं. खालच्या फळीवर अंथरलेला जुना पिवळा कागद उचलला, फळीवर नख मारलं. "प्लाय फुगल्याली न्हाई." दाराच्या चौकटीचं खालचं टोक चाचपलं. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच जरा हसल्या.

"पानी आल्यालं न्हाई. मग बायांनो, झाकायचा उद्योग केला कशाला?"

आम्ही दोघींनी धैर्यशीलकडे बघितलं. तो फोनमध्ये बघत होता, पण या वेळी फोन बंद होता.

सुलाबाईंची नजर वर गेली. फ्रेमच्या जागी भिंतीवर चौकोन उजळ राहिला होता. "आन हितं काय हुतं?"

भाभी उठल्या. ट्रंक उघडली, ओढणी सोडली, फ्रेम दोन्ही हातांनी समोर धरली. "अल्लाचं नाव आहे," म्हणाल्या. "गिऱ्हाईकाला नको वाटेल म्हणून काढलं."

"कुनी सांगितलं?"

भाभींनी नाव घेतलं नाही. धैर्यशीलचे कान मात्र लाल झाले.

"आवं, भितीवरचा देव उतरावल्यालं घर बगून मानूस म्हनतंय, ह्या घरात काय तरी झालंया. ह्येंनी सोताचा देवबी न्हाई ठिवला." सुलाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "ती लावा परत. मी घर घेतलं तर माजा खंडोबा मी लावीन, तवा तुमी तुमचं घेऊन जा. आन ह्यो पट्टा खरवडा. भित उगडी बगितल्याबिगर मी काय बोलनार न्हाई. मला दोनदा पान्यानं फशिवलंय."

त्या गेल्यावर धैर्यशील खीर न खाता उठला. दुसऱ्या दिवशी मात्र रंग खरवडायचे पत्रे आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतः आला, जुना शर्ट घालून. "काकी, वरचं मी करतो, तुमी खालचं करा," म्हणाला. तिघांनी मिळून खरवडलं. ऑइलपेंट चिवट, नखं दुखून आली. बसायच्या जागेमागचा भाग भाभींनी कुणाला करू दिला नाही. तिथला रंग निघाला तेव्हा त्याच्याबरोबर भाईंच्या तेलाचा डागही निघून आला. खाली नुसता पांढरा गिलावा. भाभी थोडा वेळ तिथं तळहात ठेवून बसल्या.

मी म्हटलं, "भाभी..."

"राहू द्या, वैनी. ते काय भिंतीत थोडेच आहेत." आणि पुढचा भाग खरवडायला घेतला.

घर आता पार भुंडं दिसत होतं. खाली पांढऱ्या-पिवळ्या चट्ट्यांची भिंत, वर सोनेरी अक्षरांची फ्रेम. फिनेल नव्हतं. त्या दिवशी भाभींनी मुद्दाम काही नाही, रोजचीच आमटी केली होती, आणि खोलीत लसणीच्या फोडणीचा वास होता. सुलाबाई थोरल्या पोराला घेऊन आल्या. पोरानं दक्षिणेच्या दाराचं काढलं तर त्याला म्हणाल्या, "आपलं दार उत्तरंला हुतं की रं. तिकडनंच पानी आलं." भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, आमटी मागितली, जेवल्या. भाव त्यांनी थोडा पाडून मागितला, भाभींनी थोडा सोडला. दिवाळीच्या आत कागद झाले.

भाभींचं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. फ्रेम त्यांनी मांडीवर घेतली होती. निघताना सुलाबाईंना त्यांनी गॅसची शेगडी कुठली बाजू नीट पेटते ते सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता टेम्पोत चढल्या.

मध्यंतरी एका गुरुवारी माझा उपास होता तरी मी साताऱ्याला गेले. गोडोलीतली ती खोली इथल्याहूनही लहान आहे. पण दाराला भाभींचा हिरवा पडदा आहे आणि उंबऱ्याशी झोयाची चप्पल. झोया पाटीवर काहीतरी गिरवत होती, गिरवता गिरवता आजीला शाळेतली भांडणं सांगत होती. भाभींनी माझ्यासाठी साबुदाणा भिजवून ठेवला होता. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं मी आज येणार?" तर म्हणाल्या, "कळलं नाही. दर गुरुवारी भिजवते. नाही आलात की आम्ही खातो."

दुपार कलताना अर्फा दवाखान्यातून आली, पांढऱ्या ड्रेसवर. तिचं घर अलीकडेच आहे, ते ओलांडून ती सरळ इथं आली. मला "मावशी, कधी आलात" एवढं विचारलं आणि आईच्या कॉटवर आडवी झाली. भाभींनी ताट पुढं केलं. दोन घास खाऊन अर्फा म्हणाली, "अम्मी, भाजीला मीठच नाही."

"डबा तिथं आहे. उठ आणि घे."

अर्फा उठली नाही. पाय आणखी लांब केले आणि म्हणाली, "तूच दे ना."

भाभी पुटपुटत उठल्या.