सिग्नलवरची सावली

आमच्या चौकात उन्हाळ्यात सिग्नल लागला की दुचाक्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत जातच नसत. चांगल्या मागे, कडुनिंबाच्या सावलीत थांबत. पुढचा रस्ता रिकामा राहायचा, तरी कुणी हॉर्न वाजवायचं नाही.

यंदा तिथे ‘हरित रस्ता’ झाला. कडुनिंब तोडला, हिरवळ आली, बाकं आली, शोभेचे सडपातळ पाम आले. ज्या थंड गावाचं चित्र बघून हे केलं, तिथली माणसं ऊन खायला बाहेर येत असतील. आमच्याकडे मे महिन्यातलं ऊनच माणसाला खातं.

आज भर दुपारी सिग्नल लागला आणि आम्ही सगळे सवयीनं मागेच थांबलो. डोक्यावर नुसतं पांढरं आभाळ. शेजारच्या स्कूटरवरच्या लहान मुलीनं विचारलं, “आई, एवढ्या मागे का थांबलो?”

तिच्या डोक्यावर ओढणी धरत आई म्हणाली, “इथे झाड होतं गं.”

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही निमूट पट्ट्यापर्यंत जाऊ, उन्हात उभे राहू, आणि ती मुलगी काहीच विचारणार नाही.