सहा हॉटेलं आणि एक चिठोरं

तळपट होवो त्या पोराचं! आमच्या चोंगछिंग शहरातल्या सहा पंचतारांकित हॉटेलांत तो एकेक रात्र झोपला, त्यांची तुलना करणारा व्हिडिओ काढला आणि लाखो लोकांनी तो डोळे फाडून पाहिला. गालिचा कुणाचा जाड, नदी कुठून नीट दिसते, टब किती मिनिटांत भरतो. बघा बापडे! पण शेवटी त्यानं जी अक्कल पाजळली, ती आमच्या थानताईच्या मुळावर आली.

त्या सहांतल्याच आमच्या हॉटेलात थान शूछ्युंग बावीस वर्षं खोल्या आवरत होती. पेन्शनची वर्षं भरायला आठ महिने कमी होते, आणि पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवून घेतो? मला काम तिनंच शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरी, पाहुण्यानं स्वतःच्या हातानं कचरापेटीत टाकला नाही, तो कागद कचरा नव्हे. कळलं?"

त्या शहाण्यानं सहाही ठिकाणी पलंगाखाली कागदाचा एक बोळा टाकून पाहिला. पाच हॉटेलांतून बोळा गायब झाला. आमच्याकडे ताईनं तो उलगडला, तळहातानं सपाट केला आणि टेबलावर दिव्याखाली ठेवला. पोरगा खिदळत म्हणाला, "बाकीचे कचरा काढतात, हे लोक कचरा मांडून ठेवतात!" आमचा नंबर सहावा.

मग काय, आमच्या मॅनेजर खुआंगसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्याकडे चूक झाली की माफीनामा स्वतः लिहायचा आणि सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर वाचायचा. ताई तळघरात उभी राहून वाचत होती आणि दात माझे करकरत होते.

"जरा मोठ्यानं, थानबाई! मागच्यांना ऐकू येत नाही."

"मागच्यांना ठाऊक आहे साहेब, मी काय केलं ते."

एकजण फिस्सकन हसली. खुआंगनं तिथल्या तिथे नवा नियम काढला: पेटीबाहेर पडलेला दिसेल तो कागद थेट कचऱ्याच्या पिशवीत. माफीनामा फाइलला लावला.

दहा दिवसांनी ताईची कंबर धरली, म्हणून तिच्या ३१०७ नंबरच्या खोलीत मी मदतीला गेले. मी पलंग ओढला तर मागे चुरगळलेलं चिठोरं. पेन्सिलीनं वेडंवाकडं लिहिलेलं: नूडल्समध्ये कोथिंबीर नको.

"ठेव टेबलावर," ताई म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? अजून आठ महिने काढायचेत ना? पुन्हा वाचायचाय माफीनामा?"

"अगं, पण कुणीतरी लिहिलंय ते."

"कोथिंबीर नको म्हणे! काय मृत्युपत्र आहे का?" असं म्हणून मीच ते पिशवीत टाकलं. ताई आरसा पुसायला गेली.

दुपारी त्या खोलीतले आजोबा खाली आले. कोटाचे खिसे बाहेर लोंबत होते, सगळे पालथे केलेले. बायको गेल्या महिन्यात वारली होती. तिची वाचा गेली होती, जे हवं ते लिहून सांगायची. "शेवटचं तेवढंच लिहिलं तिनं," ते म्हणाले. "नंतर हातही चालेना. खिशातून पडलं असेल. तुम्ही कुठं ठेवलंत?"

कचऱ्याची गाडी अकरालाच गेली होती.

"कुणी टाकलं?" खुआंग ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा! नियम काढला कुणी, आणि विचारतोय कोण? पण एवढं बोलायला जीभ लागते, आणि माझी टाळूला चिकटली होती. नोकरीवर पक्की व्हायला मला दोन आठवडे उरले होते.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. घाईनं नाही, चांगलं थांबून पाहिलं. मी बुटांकडे बघत राहिले.

"खोली माझी आहे," ती म्हणाली. मग आजोबांपुढे वाकली. "चुकलं, आजोबा."

खुआंगनं फाइलमधून आधीचा माफीनामा काढला. दुसरी चूक. संध्याकाळी ताईला काढून टाकलं.

बसच्या थांब्यापर्यंत तिची पिशवी धरून मी मागे मागे गेले. तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "जा, तुझ्या खोल्या राहिल्यात."

त्या पोराला मी रोज शिव्या घालते, खुआंगला तर उठता-बसता. पण मी एक शब्द बोलले असते, तर ताईचे आठ महिने निघाले असते. एक थोबाडीत तरी ठेवून द्यायची होतीस, ताई. मी हललेही नसते.