सासूबाईंचा कातडी डगला

लग्न होऊन मी वर्ध्याजवळच्या नालवाडीत आले, तेव्हा घरची भाजीची वाडी होती आणि नवरा मात्र चामड्याचं काम शिकलेला. शेतकऱ्याच्या पोरानं हे करावं, हे सासूबाईंना पटत नव्हतं. चामडं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, असं त्यांनी बजावलेलं. म्हणून आम्ही दोघं गोठ्याजवळच्या पडवीत बसून पट्टे, पिशव्या शिवायचो.

एका वर्षी नागपूरच्या नाटकवाल्यांनी चार डगले सांगितले. जुन्या काळी घोडेस्वार पावसात घालायचे तसे. एका संग्रहालयातल्या डगल्याचे फोटोच त्यांनी आणले होते. मशीनची शिलाई नको, बटणं नकोत. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं हवं आणि बांधायला चामड्याच्या वाद्या. शिवाय नाटकात खरं पाणी पडणार होतं.

जवसाचं तेल घरचं होतं, मेण हिंगणीहून आणलं. दोन्ही मंद आचेवर एकत्र करून मी ते कोमट असतानाच चामड्यात जिरवायची. नवरा आरीनं भोकं पाडून दोन सुयांनी दोन्हीकडून टाके घालायचा. माझ्या हातांना, केसांना, भाकरीलासुद्धा जवसाचा वास यायचा. तो वास कुठे आला, की अजून मला ती पडवी दिसते.

पहिला डगला घालून नवरा अंगणात पाटावर बसला. मी बादली ओतली.

"कोरडं हाय काय?"

"अवं, पाठीतून धार चालली!"

खांद्याची शिवण उलटी बसली होती. छपरावरच्या कवेलूंसारखा वरचा तुकडा खालच्यावर यायला हवा होता. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे उसवूनही उपयोग नव्हता. मी त्या शिवणीवर एक पट्टी शिवली, पाणी थांबलं. पण फोटोत तशी पट्टी नव्हती, म्हणून नाटकाला तो डगला चालणार नव्हता. तो पडवीत खुंटीवर राहिला आणि आम्ही नवीन चामडं कापायला घेतलं.

श्रावणात एका सकाळी सासूबाईंना पालक-सांभाराच्या जुड्या घेऊन बाजारात जायचं होतं. पाऊस थांबेना आणि त्यांचं प्लास्टिक फाटलेलं. बराच वेळ त्या पडवीपाशी उभ्या राहिल्या.

"तो कोट दे मले."

मी नुसती बघतच राहिले.

"काऊन पाहून राह्यली? बांधून दे न वं."

लुगड्यावर डगला चढवून त्या निघाल्या. दुपारी परतल्या तेव्हा टोपली रिकामी होती आणि चेहरा खुललेला.

"सारा बाजार पाहे मले! एक जण म्हणे, बुढे, फौजेत गेली काय? म्या म्हटलं, पोरानं अन् सुनेनं शिवला हाय. एक थेंब नाई आत."

डगला त्यांनी स्वतःच पुसला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

नाटकाला आम्ही तिघंही गेलो. रंगमंचावर धो धो पाणी पडलं. नवऱ्याचं गोष्टीकडे लक्षच नव्हतं, तो नुसत्या शिवणी बघत होता. मध्यंतरात सासूबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "ते डगले आमच्या घरचे हायत."

तसं काम पुन्हा फारसं आलं नाही. आता सासूबाई नाहीत, आणि आम्ही पट्टे-पिशव्यांवरच आहोत. पण त्या रात्री परतीच्या बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि वर्धा येईपर्यंत मी जराही हलले नाही.