भाकरीखाली काय आहे

"खोटं बोलू नको."

घरात शिरल्यावर नर्सबाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. मग त्या सरळ चुलीकडे जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलायच्या. खुशाली विचारणं त्यानंतर. आता बाई नाहीत. तरी आमच्या लोणी गावात दारापाशी स्कूटी थांबली की मी अजून नकळत ताट सारखं करते.

तुमच्याकडेही एखादी नर्स येत असेल. वही उघडते, दोन प्रश्न विचारते, तुम्ही सांगाल ते लिहून घेते आणि जाते. आमच्या बाई सांगितलेलं लिहीतच नसत. माझं माहेर खोडदचं. तिथं ताऱ्यांचे आवाज टिपायला आभाळाकडे तोंड करून बसलेल्या, रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या बघतच मी वाढले, पण बाईंएवढं कान लावून ऐकणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी गरोदर होते, सातवा महिना, आणि अंगात रक्त फक्त सात.

"लोहाच्या गोळ्या घेतीस?"

"घेते की."

"शी काळी होती का?"

मी लाजून चूर. "न्हाई."

"त्या गोळ्यांनी काळी व्हायलाच पायजे. मग गोळ्या खातंय कोण?"

गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून मी त्या परसातल्या वांग्यांच्या आळ्यात पुरत होते. बाईंनी काडीनं माती उकरली, चार लाल गोळ्या तळहातावर घेतल्या आणि म्हणाल्या, "वांग्यांची तब्येत झ्याक हाय तुमच्या." तेव्हापासून गोळी त्यांच्यासमोर गिळायची, वर तोंड उघडून दाखवायचं. मला त्यांचा भारी राग यायचा.

दुसरीकडे आमच्या सासऱ्यांची वेगळीच तऱ्हा. मंचरच्या डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून मटण बंद करायला सांगितलं होतं, अगदीच राहवलं नाही तर चरबी काढून एखादी फोड. सासऱ्यांना संशय असा, की डॉक्टर माळकरी आहे. "त्याला खायाचं न्हाई म्हून आमचं बंद करतो," असं म्हणून ते दर रविवारी स्वतः मटण आणायचे, चांगलं चरबीचं.

अशाच एका रविवारी दुपारी बाई न सांगता टपकल्या. सासरे आणि आमचे हे पडवीत जेवत होते. आम्ही सासू-सुना आत नुकत्याच ताटावर बसलो होतो. बाईंची चाहूल लागताच मी भाकरी ताटभर पसरली. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

"भाकरी उचल," बाई म्हणाल्या.

उचलली. खाली रस्सा होता आणि एक बटाटा.

"फोडी?"

"मला मटण आवडत न्हाई, बाई. रस्सा पुरतो."

"ह्या तालुक्यात एकाबी बाईला मटण आवडत न्हाई," बाई म्हणाल्या, "आन् एकीच्याबी अंगात रक्त न्हाई. बघ की, काय योगायोग!"

सासूबाई उसळल्या. "आमी काय सुनंला उपाशी मारतो व्हय?" बाईंनी त्यांच्याही ताटातली भाकरी उचलली. तिथंही रस्साच. सासूबाईंनी मान खाली घातली. चाळीस वर्षांत त्यांची भाकरी कुणी उचलून पाहिली नसावी.

बाई तशाच पडवीत गेल्या. "अण्णा, कलेजीची वाटी इकडं द्या."

"का म्हून?"

"डाक्टर म्हणतो मटण वाईट. तुमी म्हणता चांगलं. दोघंबी खरं बोलताय. फकस्त ते चुकीच्या ताटात पडतंय. तुमची छाती बंद पडायला आलीय आन् हिच्या अंगात बाळाला पुरंल एवढं रक्त न्हाई."

सासऱ्यांनी वाटी दिली, पण तिच्यात विष कालवलं जाईल की काय अशा नजरेनं. बाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "मी बसते. तू जेव." मी सासूबाईंना आणि मला कलेजी वाटून घेतली आणि रडत रडत खाल्ली. बाईंना ताट वाढू का विचारलं, तर म्हणाल्या, "घरी केलंय."

त्या गेल्यावर घरात वेगवेगळे तर्क निघाले. सासरे म्हणाले, ही बाई घर फोडायला आलीय. ह्यांना वाटलं, यात तिचा काहीतरी फायदा असणार. सासूबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "तिच्या घरी तिला मिळत आसंल पोटभर. म्हून एवढं बोलवतं."

मलाही तेच वाटलं. पुढं मला मुलगी झाली, ठणठणीत, आणि रक्ताची बाटली चढवायची वेळ आली नाही.

त्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी मंचरला बाईंच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. रविवार होता आणि घरभर मटणाचा वास होता. बाहेरच्या खोलीत त्यांचे मिस्टर आणि मुलगा जेवत होते. बाई खूप वाळल्या होत्या, चेहरा पांढराफटक. दारापर्यंत येतानाच त्यांना धाप लागली. आत नेऊन त्यांनी मला जबरदस्तीनं ताट वाढलं, पाहुणी म्हणून चांगल्या चार फोडी घातल्या. मग स्वतःचं ताट घेतलं आणि त्यावर भाकरी पसरली.

मी घास खाली ठेवला.

"बाई, भाकरी उचला."

"जेव गप."

मीच उचलली. रस्सा आणि एक बटाटा.

"मला न्हाई आवडत गं," बाई म्हणाल्या.

उठून बाहेर जावं आणि त्यांच्या मिस्टरांना म्हणावं, वाटी इकडं द्या. एवढंच करायचं होतं. माझ्याच्यानं झालं नाही. परकं घर, जेवणारे पुरुष. त्याची टोचणी मला अजून आहे. मी माझ्या ताटातल्या दोन फोडी त्यांच्या ताटात टाकल्या आणि म्हटलं, "मी बसते. तुम्ही जेवा."

त्यांनी माझ्याकडे त्याच जुन्या संशयानं पाहिलं. मग एक फोड उचलली आणि सावकाश चावत राहिल्या. लोणीतल्या घराघरात धडक शिरणारी ती बाई, खाताना तिची नजर सारखी दाराकडे होती.