मी आहे ना

रुग्णवाहिका धाडणाऱ्या नियंत्रण कक्षात ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे साहेबसुद्धा. कुठली गाडी कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारा तिथला जुना बोर्ड सारखा अडकायचा. गाडी दवाखान्यात पोहोचलेली आणि पडद्यावरचा ठिपका अजून चौकातच! त्याचा प्रोग्राम नव्याने लिहायचं ठरलं तेव्हा ताईंनी त्यासाठी फारसं कुणाला ठाऊक नसलेलं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, निवडलं. त्यात प्रोग्रामचा एखादा तुकडा कोसळला तरी आपला आपण उठून कामाला लागे.

"सगळं जग ज्यात लिहितं, त्यात लिहा की," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही नसलात, तर ह्याची माणसं कुठून आणायची?"

"मी आहे ना," ताई म्हणाल्या.

बोलायला तीन शब्द, पण गळ्यात पडले. जाहिरात दिली, कुणी फिरकलं नाही. एक मुलगी शिकायला आली, तीही बाजारात चालणारं काम मिळताच गेली. तिला तरी दोष कसा द्यावा?

आई लांबच्या गावी, धाकट्या भावाकडे. दर रविवारी फोनवर तेच. "कधी येतेस गं?"

"येते गं आई, बोर्ड जरा मार्गी लागू दे."

बोर्ड पहिल्याच महिन्यात मार्गी लागला होता. पण आपण उठलो, ठिपका अडकला आणि कुणाचा जीव गेला तर, ही धास्ती. आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता, की आपल्यावाचून इथलं पान हलत नाही.

अशी सहा वर्षं गेली. मग भावाचा फोन आला. "ताई, आईनं अंथरूण धरलंय. तुझीच वाट बघतेय, लगेच निघ."

"परवा निघते," ताई म्हणाल्या. उद्या चार नव्या गाड्या बोर्डावर जोडायच्या होत्या. आई दुसऱ्या दिवशी दुपारीच गेली.

ताई पंधरा दिवस गावी राहिल्या. फोन सतत हाताशी, पण कामावरून एकदाही वाजला नाही. परतल्यावर खांद्यावरची पिशवीही न उतरवता त्यांनी ऑपरेटरला विचारलं, "काही अडलं का?"

"छे हो ताई! एकदा अडखळला, पण आम्ही हात लावायच्या आत आपला आपण उठला. आणि त्या चार गाड्या साहेबांनीच जोडल्या, तुम्ही लिहून ठेवलेला कागद बघून. दहा मिनिटांचं तर काम!"

ताई खुर्चीत बसल्या. पडद्यावर ठिपके नेमाने सरकत होते.

"एकदा तरी बंद पडायचं होतंस रे," त्या बोर्डाला म्हणाल्या, आणि ओंजळीत तोंड लपवून रडल्या.