भिंगरीचा ड्रमर

माझ्या मामेभावाला सगळे भिंगरी म्हणतात, कारण गिटारवर त्याची बोटं दिसतच नाहीत. तो हेवी मेटल वाजवतो. म्हणजे काय, हे मला विचाराल तर एखाद्याने भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं आणि एकही भांडं चुकीच्या पायरीवर पडू नये, असं ते संगीत आहे.

आमची लॉन्ड्री आहे. आई धुते, मी इस्त्री करते. सोळा वर्षांपूर्वी मामाने "हा धिंगाणा माझ्या घरात नको" म्हणून त्याला गिटारीसकट बाहेर काढलं, तेव्हा आईने त्याला मागच्या खोलीत, कपडे पिळायच्या मशीनशेजारी जागा दिली. मला कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार मी कानात कापसाचे बोळे घालून लोकांच्या कॉलरी सरळ करते आहे.

बँडचं नाव 'पीळ'. गायक शाळेत भूगोल शिकवतो, बास वाजवणारा लंबू कुरिअरची गाडी चालवतो. ड्रमर तीन आले नि तीन गेले. भिंगरी असा सुसाट सुटायचा की पहिल्याचा खांदा धरला, दुसऱ्याने घाईघाईत लग्न करून टाकलं आणि तिसरा पाणी प्यायला म्हणून गेला तो गेलाच. मग उरलं मशीन. जुनं, एका अंगाला कललेलं. घरघरत सुरू व्हायचं आणि वेग आला की धाड-धाड-धडाड! भिंगरी त्याच्यावरच वाजवायला लागला. मशीन दमत नव्हतं, रुसत नव्हतं. कार्यक्रमाला जाताना लंबू त्याचं रेकॉर्डिंग न्यायचा. टायरच्या दुकानाचं उद्घाटन झालं, व्यायामशाळेचा वाढदिवस झाला, एकदा तर चुकून एका साहेबांच्या निरोप समारंभात वाजवलं. साहेब खुर्चीवर उभे राहून मान झटकत होते. हळूहळू भिंगरीची बोटं बघायला लांबलांबून पोरं लॉन्ड्रीत येऊ लागली. मी त्यांच्याकडून चादरींच्या घड्या घालून घ्यायचे.

अशात भिंगरीला चौतिसावं लागलं. मामा म्हणाला, "यंदा त्या मोठ्या महोत्सवात घेतलं तर ठीक. नाहीतर केस काप आणि सोमवारपासून माझ्या फरशांच्या दुकानात बस. खुर्ची आणून ठेवलीय." भिंगरीने शब्द दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी ही बापलेकाची जोडी. दिलेला शब्द दोघांपैकी एकही फिरवणार नव्हता.

महोत्सवासाठी निवड करणाऱ्या बाई शुक्रवारी तीनला आमच्याकडेच ऐकायला येणार होत्या. रेकॉर्डिंग अजिबात चालणार नाही, ही त्यांची अट. मामाही आला, थेट दुकानातून, पायात फरशा उचलताना घालायचे, लोखंडी टोकाचे दीड-दीड किलोचे बूट.

बाई बसल्या. भिंगरीने गिटार चढवली, लंबूने मशीनचं बटण दाबलं.

मशीन पोटभर जेवलेल्या मांजरासारखं गुरगुरलं. बस्स, तेवढंच.

"आत्या, काय केलंस?" भिंगरीचा चेहरा पांढराफटक.

"दुरुस्त केलं रे!" आई खुशीत. "सकाळीच मेकॅनिक बोलावला. नव्या स्प्रिंगा, नवं बेअरिंग. एवढ्या मोठ्या बाई येणार, त्यांच्यासमोर खडखडाट बरा दिसतो का?"

"आत्या, तो आमचा ड्रमर होता!"

सोळा वर्षं माझी आई समजत होती की पोरं बिचारी एवढ्या खडखडाटातही नेटाने वाजवतात. तिला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी तोंडावर उशीचा अभ्रा दाबून हसले, आणि मग मामाकडे बघितलं नि हसू गेलं.

आईने मात्र बाह्या सरसावल्या. ओलंचिंब ब्लँकेट उचलून मशीनमध्ये एकाच बाजूला कोंबलं. बिलासाठी परत आलेला मेकॅनिक किंचाळला, "अहो ताई, गॅरंटी जाईल!"

"जाऊ दे!"

धाड! धाड! भिंगरी उसळला, गायक गरजला, छताचा पंखा विनाकारण फिरायला लागला. पण दोनच मिनिटांत ब्लँकेट आत पसरलं आणि आवाज बसला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"काहीतरी जड हवं, टणक!" आई ओरडली. सगळ्यांनी माझ्या इस्त्रीकडे पाहिलं. मी ती छातीशी धरली.

तेव्हा मामा उलट्या टबावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"हे टाक."

"दादा, तुझे बूट?"

"टाक म्हणतो ना. पोरगं खोळंबलंय."

मशीन थांबवून, झाकण उघडून पुन्हा सुरू करेपर्यंत भिंगरी एकच सूर ताणून उभा होता. आयुष्यात कधी न थांबलेला माणूस, आणि नजर बापाच्या मोज्यांवर.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. धाड-धडाड-धडधड-धाड! मशीन भिंतीपासून सुटलं आणि थेट बाईंच्या दिशेने चालू लागलं, मागोमाग वाजवत भिंगरी, वायर धरून लंबू. बाई खुर्चीसकट मागे सरकत होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही आलं, पण माझं हसण्याचं नव्हतं. ज्या आवाजाला सोळा वर्षं शिव्या घातल्या, तो मला पहिल्यांदा आवडला.

"घेतलं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पण ड्रमर हाच पाहिजे!"

आता आई मशीन घेऊन बँडबरोबर फिरते. लॉन्ड्री मी बघते, नव्या मशीनवर. ते जरासुद्धा आवाज करत नाही आणि दुपारी दोन वाजले की मला करमत नाही. मग मी मामाच्या दुकानात जाऊन बसते. त्या नव्या खुर्चीत मामाच बसतो, पायात रबरी चपला. गिऱ्हाईक विचारतं, "मुलगा काय करतो हल्ली?"

"माझे बूट दौऱ्यावर गेलेत," मामा पाय पुढे करून सांगतो, "त्यांच्याबरोबर गेलाय."