आईचा तिसरा बोकड

बेसबॉलच्या धाकट्या लीगमध्ये उभी तरुणाई घालवणं म्हणजे काय, ते एल्पिडिओ रोसारिओच्या गुडघ्यांना विचारा. एल्पिडिओ कॅचर. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं आणि बंदुकीतून सुटल्यासारखे चेंडू झेलायचे. अमेरिकेतली किती गावं झाली, किती संघ झाले! हव्यास एकच: वरच्या लीगमध्ये एक सामना. एकदा तिथल्या मातीत बसू दे, मग गुडघे गेले खड्ड्यात!

तिकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, बानी गावात, त्याच्या आईनं बोकड पाळलेला. पोरगा वरच्या लीगमध्ये गेला की कापायचा. पहिला म्हातारा होऊन मेला, दुसरा ट्रकखाली गेला, हा तिसरा.

"नुरिसबाई, आता बोकडालाच पाठवा वरच्या लीगमध्ये!" गल्ली चिडवायची.

"पाठवीन. पण तुम्हाला हाडूकसुद्धा मिळायचं नाही!"

ऑगस्टमधल्या एका दुपारी कोच हॅन्लीनं एल्पिडिओला भर सामन्यातून बाहेर बोलावलं. ना दुखापत, ना चूक. असं झालं की धाकट्या लीगमधला प्रत्येक जण एकच समजतो: वरून बोलावणं आलं! बाकावर मिठ्या सुरू झाल्या. "म्हातारबा, जिंकलात की हो!" कुणी टोपी उडवली, कुणी पाठीवर असा धपाटा घातला की डोळ्यांत पाणी आलं. पाणी धपाट्याचं नव्हतं, हे काय सांगायला हवं? कोच तेवढा आत फोनवर होता. धीर कुणाला? एल्पिडिओनं कपडे बदलायच्या खोलीतून आईला फोन लावला. ती नुसतं "देवा, देवा" म्हणत राहिली.

सामना संपल्यावर कोचनं त्याला आत बोलावलं.

"अरे, मिठ्या कसल्या मारत होतात? वरच्यांना तो नवा पोरगा कॅचर म्हणून बघायचाय. उरलेला मोसम बॅटवाल्यामागे तोच बसेल. तू बाकावर." मग त्याचा चेहरा बघून कोच हळू आवाजात म्हणाला, "मी आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

एल्पिडिओ बराच वेळ गुडघ्यावर बर्फाची पिशवी आणि मांडीवर हातमोजा घेऊन बसला. शेवटी त्यानं फोन लावला. पलीकडे गाणी, भांड्यांचा आवाज, सगळी गल्ली जेवायला बसलेली.

"आई, बोकड बांधून ठेव."

"आता? अरे, तळ दिसायला लागलाय पातेल्याचा! का रे?"

त्यानं सांगितलं. पलीकडे कुणीतरी गाणी बंद केली.

"बरं," आई म्हणाली. "त्यात काय एवढं? उद्या बाजारातून करडू आणते. चांगलं काळं बघून."

किती वर्षं तो या वाक्यावर तगला होता! आजही 'आण' म्हणावंसं वाटलं, जीव तुटेपर्यंत वाटलं. गुडघ्यावरची बर्फाची पिशवी वितळून चड्डी भिजली होती.

"नको आई. आता नको आणूस."

पलीकडून पातेलं खरवडल्याचा आवाज आला.

"तुझ्यापुरतं काढून ठेवते," ती म्हणाली. "घरी ये."